मुलीचा बायोडाटा किती फोनांत असतो?

मृदुला_इंदूर

नमस्कार. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पण गेल्या महिन्यात घरात जे झालं ते तुम्हा सगळ्यांशी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही.

लेकीसाठी स्थळं बघायला दिवाळीनंतर सुरुवात केली. बायोडाटा केला. वर गणपती, खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, देवक, गोत्र, उंची, शिक्षण, पगार, घरचा पूर्ण पत्ता, माझं माहेरचं आडनाव, मामांची नावं, दोन फोन नंबर आणि तीन फोटो. सगळे करतात तसाच. आम्ही तो फक्त माझ्या जावेला पाठवला. तिनं चांगल्या मनानं एका वधू-वर ग्रुपवर टाकला.

मागच्या मंगळवारी दुपारी उज्जैनहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज थरथरत होता. "तुमच्या मुलीनं माझ्या मुलाकडून १८,००० रुपये घेतले आणि आता फोन उचलत नाही." मला काही उमजेचना. त्यांनी एका विवाह साइटवरचं प्रोफाइल पाठवलं. चेहरा आमच्या लेकीचा, अंगावर चुलत बहिणीच्या लग्नातली मोरपंखी पैठणी, नाव भलतंच. जन्मवेळ मात्र मिनिटासकट तीच. त्यांच्या नात्यातल्या एका बाईंकडे खरा बायोडाटा फिरत आला होता, त्यांनी चेहरा ओळखला, म्हणून आमचा नंबर मिळाला. नाहीतर आम्हाला कधी कळलंही नसतं.

लेक तीन दिवस ऑफिसला गेली नाही. "आई, माझा चेहरा कोणाकोणाकडे आहे?" असं विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

आता पुढे काय करू? आणि बायोडाटा कसा लिहावा, म्हणजे समोरच्या घराला हवं ते कळेल आणि चोराच्या हाती काही लागणार नाही? एकूणच नेटवर आपली ओळख झाकून राहता येतं का हो?

*संपादन: लेकीचं वय, पदवी आणि कंपनी कुठल्या भागात आहे ते काढलं. कारण खाली बडोद्याची_लेक यांच्या प्रतिसादात आहे.*

एबी_रोड

ताई, चर्चा नंतर, आधी हे करा. त्या प्रोफाइलचा दुवा कॉपी करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. तारीख-वेळ दिसेल असे फोटोही काढा. हे हातात आल्याशिवाय प्रोफाइल उडवायला सांगू नका, नाहीतर पुरावाच जातो.

पैसे त्या मुलाचे गेलेत, म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन त्यानं करायचा. आजच करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. तुमची तक्रार वेगळी, ती राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख चोरण्यासाठी कलम ६६-सी आहे आणि तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६-डी. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोर्टलवर मिळालेला क्रमांक घेऊन क्राइम ब्रँचच्या सायबर सेलला प्रत्यक्ष जाऊन या. लेकीला एकटीला पाठवू नका.

साइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही ईमेल करा. २०२१ साली आलेल्या नियमांत तोतयेगिरीच्या मजकुरावर कारवाईसाठी काही तासांची मुदत घातली, त्याचा उल्लेख मेलमध्ये असू द्या. भाषा बदलते समोरच्याची.

लष्करचे_नाना

मृदुलाताई, झालं ते वाईटच. पण मला एक विचारायचं आहे. लग्न जमवायचं आणि माहिती लपवायची, हे कसं जमणार? आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात वाड्यात वाढलो. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ सांगून आलं, सगळ्या आळीला ठाऊक असायचं. कोणाचं काही बिघडलं नाही. झाकून ठेवायला आपण काय चोर आहोत? ज्याचं चोख आहे त्यानं भ्यावं कशाला?

सुमेधा_क

नाना, वाड्याला माहीत असायचं, पण वाडासुद्धा आपल्याला माहीत असायचा ना. शेजारच्या काकूंनी वावगं काही पसरवलं तर आई नळावर जाऊन त्यांना विचारू शकायची. मृदुलाताईंनी कोणाला जाऊन विचारायचं?

दुसरं, बायोडाटात काय काय जातं ते जरा वेगळ्या नजरेनं बघा. मी परवा माझ्याच बायोडाटाची जुनी प्रत समोर ठेवून बसले. ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. दोन्ही बायोडाटाच्या पहिल्या दोन ओळींत. बँकेकडून येणारी कितीतरी स्टेटमेंटं नाव आणि जन्मतारखेवर उघडतात. आणि पासवर्ड विसरला की सुरक्षेचा प्रश्न काय येतो? आईचं माहेरचं आडनाव. आपण ते "मामाकुळ" म्हणून ठळक अक्षरांत छापतो.

ई-आधारच्या फायली हॉटेलात, झेरॉक्सच्या दुकानात, भाडेकराराच्या वेळी आपण स्वतःच मेल करतो. फाइल एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. दोघांची गाठ पडायला कितीसा वेळ?

एबी_रोड

सुमेधाताईंच्या मुद्द्याला जोडून. आधार द्यायची वेळ आलीच तर मास्क केलेलं द्या, त्यात १२ पैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते असंच उतरवता येतं. बोटांचे ठसे तिथेच लॉक करता येतात, लागतील तेव्हा थोडा वेळ उघडायचे. आणि संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघा. माझ्या वडिलांच्या नावावर एक जास्तीचं निघालं. तिथेच "हे माझं नाही" असं कळवता येतं.

जिरावण

आत्ताच बघितलं. माझ्या नावावर तीन आहेत, तिन्ही माझीच. आईचं आधार आज रात्री लॉक करतो. मनापासून आभार.

निनावी_चिमणी

ताईंचा शेवटचा प्रश्न, ओळख झाकून राहता येतं का, त्यावर माझा अनुभव सांगते.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती तेव्हा घरात फार ताण होता. कोणाशी बोलायची सोय नव्हती. बायकांच्या एका ग्रुपवर खोट्या नावानं लिहिलं. गाव लिहिलं नाही, वय लिहिलं नाही, कोणाचं नाव नाही. फक्त दिवस कसा जातो ते लिहिलं. चौथ्या दिवशी नणंदेचा फोन: "वहिनी, ते तूच लिहिलंस ना?"

मी तिला नंतर विचारलं, कसं ओळखलंस? ती म्हणाली, तू लिहिलंस की आमच्याकडे नळाला एक दिवसाआड नर्मदा येते. म्हणजे इंदूर. भाजीला "गिलकी" लिहिलंस, पुण्याची बाई घोसाळं म्हणाली असती. "मला माहीत पडलं" आणि "त्यांच्याशी गोष्ट झाली" लिहिलंस, म्हणजे इथेच वाढलेली मराठी. आणि सासऱ्यांना पोह्यांवर शेव चालत नाही, फक्त जिरावण (आपला इंदुरी मसाला) लागतं, हे इंदुरात किती घरांत असेल?

तिनं कोणाला सांगितलं नाही. माझ्या बाजूनंच उभी राहिली. पण ते चार दिवस मी ज्या मोकळेपणानं श्वास घेतला होता तो त्या एका फोननं गेला. नाव लपवलं होतं, पण मी तर प्रत्येक ओळीत होते.

जिरावण

चिमणीताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. पोह्यांवरच्या जिरावणावर एवढी निष्ठा असलेला माणूस मनानं वाईट नसणार.

निनावी_चिमणी

जिरावणदादा, खूप दिवसांनी या विषयावर हसू आलं. आता ते खरंच खूप निवळले आहेत.

मालवा_एक्सप्रेस

चिमणीच्या नणंदेनं जे केलं, ते अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधक बाईंनी आकड्यांनी दाखवलं आहे. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी दिल्या गेल्या. नावं काढून टाकली होती. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं की काळजी नको. स्वीनीबाई तेव्हा शिकत होत्या. त्यांनी वेल्ड राहायचे त्या केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. वेल्ड यांची जन्मतारीख असलेली माणसं शहरात सहा, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. गव्हर्नरसाहेबांचा आजार आणि औषधं समोर आली.

२००० साली त्यांनी मांडलं की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून वेगळं काढता येण्याची शक्यता आहे. नावाची गरजच नाही.

आता आपला बायोडाटा बघा. जन्मतारीख आहे, पिनकोड आहे, वधू की वर तेही आहे. वरून मिनिटासकट जन्मवेळ. आपल्या पोरींचं नाव पुसून तो कागद दिला तरी त्या त्याच राहतात.

लष्करचे_नाना

वाचलं. चिमणीबाळ, तुझं वाचून वाईट वाटलं. पण नाण्याची दुसरी बाजू बघा. मृदुलाताईंच्या लेकीला ज्यानं त्रास दिला तो कोण? निनावीच ना? ओळख लपवायची मुभा दिली की तोंड झाकून दगड मारणारे वाढतात. मी म्हणतो नेटवर प्रत्येकाला खऱ्या नावानंच येऊ द्यावं.

सुमेधा_क

नाना, तो निनावी नव्हता हो. तो मृदुलाताईंच्या लेकीच्या चेहऱ्यानं आला होता. दुसऱ्याचा चेहरा लावणं आणि स्वतःचा झाकणं यांत मोठा फरक आहे. खऱ्या नावाची सक्ती असती तरी त्यानं तिचंच काहीतरी वापरलं असतं.

आणि तोंड झाकून चांगलं काम करणाऱ्यांची परंपरा आपल्याच भाषेत आहे. १९३३ साली मालतीबाई बेडेकरांनी अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. केवढं वादळ उठलं. ही बाई कोण, ते लोक हुडकत राहिले. स्वतःच्या नावानं त्यांना त्या वयात, त्या समाजात ते लिहिता आलं असतं? ते नाव नसतं तर आपल्या आज्यांच्या मनातलं कागदावर आलंच नसतं.

एबी_रोड

नानांच्या "चोख असेल त्यानं भ्यावं कशाला" यावर एवढंच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग. झाकण्यासारखं काही आहे का, हे सिद्ध करायची पाळी माझ्यावर नाही. न्हाणीघराला कडी लावतो ती काय चोरी लपवायला?

जिरावण

एक बाळबोध प्रश्न. मी सगळं इन्कॉग्निटोत उघडतो आणि व्हीपीएन लावतो. मी निनावी झालो ना?

एबी_रोड

नाही रे. इन्कॉग्निटो फक्त तुझ्या फोनवर खुणा ठेवत नाही. म्हणजे घरात बहिणीनं फोन घेतला तर तिला दिसणार नाही, एवढंच. ज्या साइटवर गेलास तिला तुझा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा तुझ्या जोडणीचा क्रमांक, दिसतो, आणि तू कुठल्या साइटवर गेलास ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसतं. व्हीपीएननं आयपी झाकला जातो खरा, पण मग विश्वास त्या व्हीपीएनवाल्यावर ठेवावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं निर्देश काढले की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. काही कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर हलवले. फुकटवाल्यांच्या वाटेला तर जाऊच नकोस, त्यांचं पोट कशावर चालतं ते आधी विचार. टॉर ब्राउझर तीन टप्प्यांतून फिरवून नेतो, कोणा एकाला दोन्ही टोकं दिसत नाहीत. तो जास्त भरवशाचा, पण हळू.

आणि हे सगळं लावून तू स्वतःच्या जीमेलनं लॉगिन केलंस, तर घराला सात कुलपं लावून दारावर नावाची पाटी ठोकल्यासारखं.

बडोद्याची_लेक

मृदुलाताई, रागावू नका, पण मला राहवत नाही. तुम्ही वरती लेकीचं वय, पदवी आणि कंपनी कुठल्या भागात आहे ते लिहिलं आहे. तुमचं नाव आयडीत आहे. मी बडोद्यात बसून, इंदुरात कधी पाय न ठेवता, दहा मिनिटांत तिचं लिंक्डइनचं पान उघडलं. फोटो मोरपंखी नाही, पण चेहरा कळतो. कृपा करून ते आत्ता काढा.

मृदुला_इंदूर

हात गार पडले वाचून. काढलं. मी तर काहीच सांगितलं नाही असंच मला वाटत होतं. लेकीला बोलावून तुमचा प्रतिसाद दाखवला, तिनं तिचं पान तात्पुरतं बंद केलं. लेकी, देव तुझं भलं करो.

बडोद्याची_लेक

ताई, तुमचं लक्ष आहे तोवर अजून दोन गोष्टी. आमच्याकडे बहिणीचं जमवताना शिकलो.

स्थळांसाठी वेगळं सिम घेतलं होतं. बाबा खूष, आपला खरा नंबर कोणाकडे जात नाही. पहिल्याच आठवड्यात एका मुलानं बहिणीला पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट हाक मारली. झालं होतं असं की बाबांनी त्याच सिमवर यूपीआय चालू केलं होतं. कोणीही पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला की बँकेतलं नाव समोर येतं. म्हणून स्थळांच्या नंबरावर बँक नको, यूपीआय नको, व्हॉट्सॲपला स्वतःचा फोटो नको, आणि "मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" यात फक्त ओळखीचे.

दुसरं फोटोचं. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते गळून पडतात, पण "दर्जा चांगला राहावा" म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की जसेच्या तसे जातात. बहिणीचा गच्चीवरचा फोटो मी संगणकावर उघडला तर नकाशावर टाचणी आमच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. त्या दिवसापासून फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवतो.

लष्करचे_नाना

हे यूपीआयचं मला ठाऊक नव्हतं. आत्ताच नातीला बोलावून माझाच नंबर टाकायला सांगितला. पूर्ण नाव आलं की हो.

पंचांगकाका

मी पत्रिका बघतो, चाळीस वर्षं झाली. इतका वेळ गप्प होतो, कारण यंत्रांतलं मला कळत नाही. पण मृदुलाताईंचा दुसरा प्रश्न माझ्या हद्दीतला आहे.

जन्मतारीख आणि वेळ पहिल्याच कागदावर देण्याची गरजच नाही. ३६ गुण जुळवायला चंद्राची रास आणि नक्षत्र-चरण एवढंच लागतं. नाडी, गण, योनी सगळं त्यातूनच निघतं. चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत २७ नक्षत्रं फिरतो, म्हणजे एकेक नक्षत्र वर्षात तेरा-एक वेळा येतं. "रोहिणी, तिसरा चरण" एवढ्यावरून कोणाला तारीख काढता येणार नाही. मंगळ बघायला लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, लागतं, तर तिथे फक्त "मंगळ आहे" किंवा "नाही" लिहा. गुण जुळले, घर पसंत पडलं, की मग वडीलमंडळींनी समोरासमोर बसून पूर्ण पत्रिका द्यावी.

माझ्याकडे येणाऱ्यांना आता हेच सांगेन. माझ्या फोनात गेल्या काही वर्षांच्या शेकडो पत्रिका पडल्या आहेत, त्यांचंही काहीतरी केलं पाहिजे. हा धागा वाचेपर्यंत त्यांच्याकडे मी असं बघितलंच नव्हतं.

सुमेधा_क

काका, किती सोपं करून टाकलंत! माझ्या दोन भाचींच्या बायोडाटात आजच बदल करते. आणि त्या जुन्या पत्रिका काम झालं की पुसाच, गॅलरीतून आणि गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपमधूनही.

मालवा_एक्सप्रेस

कायद्याच्या भरवशावर ग्रुपमधल्या लोकांना आवरता येईल का, असं मला एकानं खरडवहीत विचारलं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण एखादा माणूस घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल तर तो त्याला लागू होत नाही. म्हणजे विवाह साइट त्यात सापडेल, मृदुलाताईंची जाऊबाई नाही. घरातल्यांशी घरात बोलूनच हे सुटणार.

मृदुला_इंदूर

सगळ्यांना कळवते. बनावट प्रोफाइल तिसऱ्या दिवशी गेलं. पोर्टलवर तक्रार झाली, सायबर सेलमध्ये मी, लेक आणि तिचे बाबा तिघं जाऊन आलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, लेकीला पाणी दिलं. उज्जैनच्या गृहस्थांचा परत फोन आला. त्यांच्या मुलानं १९३० वर उशिरा कळवलं, १८,००० पैकी ६,००० अडकवले गेले आहेत, परत मिळायला वेळ लागेल. ते लेकीची माफी मागत होते. तिनं त्यांनाच धीर दिला.

नवा बायोडाटा आम्ही दोघींनी मिळून केला. फक्त पहिलं नाव, जन्माचं वर्ष, रास, नक्षत्र, चरण, मंगळ नाही, उंची, शिक्षण कॉलेजच्या नावाशिवाय, "खाजगी कंपनीत नोकरी", शहर इंदूर, नवा नंबर. माझं माहेर काढलं. त्यावर सासूबाई जरा नाराज झाल्या, मामाकुळाशिवाय बायोडाटा कसा दिसेल म्हणून. सुमेधाताईंचं आडनावाचं वाचून दाखवलं, मग म्हणाल्या काढा. फोटो एकच, आणि त्यावर आडवं पुसट अक्षरांत ज्यांना पाठवला त्यांचं नाव. ही कल्पना लेकीची. फोटो पुढे गेला तर कोणाकडून गेला ते कळेल.

जुन्या प्रतींचं मात्र कठीण आहे. ग्रुपवरून काढायला लावली, पण तोवर कितींनी उतरवली होती देव जाणे. मी आणि जाऊबाईंनी वही घेऊन आठवेल तेवढी नावं लिहिली. सतरा निघाली. नऊ जणांनी समोर पुसली. एका मावशींना फोनमधलं पुसता येत नाही, त्यांच्याकडे उद्या सकाळी मी जाते.

लष्करचे_नाना

ताई, तुमच्या वहीत ग्वाल्हेरचं कोणी आहे का? असेल तर पत्ता इथे लिहू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी स्वतः जाऊन पुसून घेतो.